वरचा डावा कोपरा

१

सुकेशनीचा सगळा दिवस अंधारात जायचा आणि त्याचं तिला काही वाटत नसे. गारखेड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. दहा बाय आठची, खिडकीला काळा पडदा, दाराच्या काचेला आतून काळा कागद. तिथे ती काचबिंदूच्या पेशंटांची बटणाची टेस्ट घ्यायची. टेस्टचं खरं नाव इंग्रजी होतं, फाइलवर तेच लिहिलं जायचं, पण लोकांच्या तोंडी ती बटणाचीच.

यंत्र म्हणजे कडेवर उभी केलेली मोठी पांढरी कढई. पेशंटने हनुवटी टेकवून तिच्यात तोंड घालायचं, एक डोळा झाकायचा, हातात बटण धरायचं. मग सुकेशनी सुरू करायची, रोज पंधरा-वीस वेळा, त्याच चालीत. "मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. बाजूला कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपक्याकडं बघायला जायचं नाही. नजर हलली की टेस्ट वाया."

लोक ते ऐकायचे आणि आपापल्या स्वभावावर जायचे. कुणी परीक्षेला बसल्यासारखे घाबरून दाबतच नसत. शहागंजातले एक कापडवाले चाचा तर सारखं टकटक दाबत सुटायचे. "जादा दबाए तो नंबर अच्छा आता ना, बेटी?"

यंत्रही काही कमी वस्ताद नव्हतं. कधी ते नुसताच आवाज करायचं, ठिपका दाखवायचंच नाही. शिवाय चांगल्या शहाण्यासुरत्या माणसाच्या डोळ्यातसुद्धा एक जागा मुळातच आंधळी असते, जिथून नस आत शिरते तिथली. त्या जागेवर यंत्र मुद्दाम ठिपका टाकतं. तो कुणालाच दिसत नाही. त्यावर कुणी बटण दाबलंच, तर समजायचं की स्वारीची नजर हलली, नाहीतर स्वारी थापा मारतेय.

खोटं पकडायची एवढी तजवीज असलेल्या त्या खोलीत सर्वांत मोठं खोटं सुकेशनीनेच केलं होतं.

२

कारभारी म्हणजे तिचा सासरा. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. पैठणकडच्या गावी अजून दहा-बारा मेंढरं आणि बायको राजाबाई होती. हा मात्र डोळ्यांपायी दोन वर्षं मुकुंदवाडीत लेकाच्या दोन खोल्यांत येऊन बसला होता. डावा डोळा काचबिंदूने कधीच नेला होता, उजवाही त्याच वाटेला लागला होता. जीभ तेवढी ठणठणीत होती. भाजीत मीठ नाही, सून दारात उभी राहून फोनवर बोलते, रेल्वेच्या भोंग्याने झोप लागत नाही, या सगळ्याला एकच धनी, सुकेशनी. नवरा हनुमान चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीवर, त्यामुळे त्याला ऐकायची पाळी कमी यायची.

मार्चमध्ये म्हाताऱ्याच्या डोळ्याचा दाब चौतीसवर गेला. चार-चार औषधांचे थेंब चालू असताना चौतीस. दवाखान्यातल्या डॉक्टर प्रेरणा मॅडमनी सांगितलं, आता नळीच बसवावी लागेल. डोळ्यातलं पाणी तुंबतं म्हणून दाब वाढतो. शेवईएवढी बारीक नळी आत सोडायची, तिचं दुसरं टोक वरच्या पापणीखाली बसवलेल्या चकतीपाशी. पाणी तिकडे झिरपत राहतं. "पण आधी फील्ड, म्हणजे नजरेचा घेर, बघू दे," त्या म्हणाल्या. "नुसती मधली चिमूटभर नजर उरली असेल तर मी हात लावणार नाही. अशा डोळ्यात ऑपरेशननंतर उरलेलीही जाते कधीकधी."

टेस्ट अर्थातच सुकेशनीने घेतली. म्हाताऱ्याने पाच मिनिटं दाबलं, मग बटण मांडीवर टाकून दिलं. "काय दिसंना मला. घाल तुझं यंत्र चुलीत."

पडद्यावर सगळं काळं येत होतं. मध्ये रुपयाएवढं पांढरं आणि भोवती काळोख. वरच्या डाव्या कोपऱ्यातले ठिपके तेवढे तपासायचे राहिले होते. सुकेशनीने मांडीवरचं बटण उचललं. पुढचे ठिपके कुठे लागणार हे तिला तिच्या पडद्यावर दिसतच होतं. एकाच जागी ठिपका दोन-तीनदा, कमी-जास्त उजेडाचा यायचा. लागला की ती दाबत गेली. टक. टक. टक.

तिला म्हातारा बरा व्हायला हवा होता हे खरं. पण कशासाठी, तर इथं पायावर पाय टाकून बसावं म्हणून नव्हे, पायाखालची वाट दिसून तो एकदाचा गावी जावा, घर तिचं तिला परत मिळावं, यासाठी. मनात हे अगदी स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद उजेडात धरला. काळ्या कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्यात चार जागा उजळ होत्या.

"इथं अजून जीव आहे," त्या म्हणाल्या. "करू या."

३

ऑपरेशन छान झालं. दाब तेरावर आला. हनुमानने दवाखान्यात पेढे वाटले.

मग थेंबांचा रगाडा सुरू झाला. सकाळी कामावर जाण्यापूर्वी, दुपारच्या सुटीत धावत येऊन, संध्याकाळी परत. दोन औषधांत पाच मिनिटं सोडायची. ती पाच मिनिटं दोघं एका खोलीत गप्प बसायची.

"मान मागं करा, मामा. खाली बघा."

पापणी उचलली की आत चकतीचा फुगवटा दिसायचा. बाहुलीच्या वरच्या अंगाला नळीचं बारीक टोक, पाण्यातल्या काडीसारखं. कामच डोळ्यांचं असल्याने तिला किळस येत नसे. एवढंच तिच्या लक्षात आलं, की म्हातारा आता खाली बघ म्हटलं की लगेच बघतो. पूर्वी हुज्जत घालायचा. आता वर बघायला लागू नये म्हणून ती खाली बघ म्हणण्याची वाटच बघत असल्यासारखा नजर खाली टाकतो.

मग त्याने खुर्ची हलवली. रोज खिडकीशी बसणारा माणूस कोपऱ्यात गेला, डावा खांदा भिंतीला लावून बसू लागला. काठी मांडीवर आडवी.

"तिथं उकडंल मामा. पंखा लागत नाही तिथं."

"नगं मला पंखा."

जूनमध्ये तीन महिन्यांची टेस्ट आली. या वेळी म्हाताऱ्याने बटण टाकलं नाही. शहाण्या पोरासारखा हनुवटी टेकवून बसला. बाजूच्या काळोखात ठिपके लागले, विझले, हा गप्प. वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिला ठिपका लागला आणि टक वाजलं.

सुकेशनीला आधी वाटलं, योगायोग. दुसऱ्या ठिपक्याला टक. तिसऱ्याला. चौथ्याला.

तिने कागद काढला. पूर्वी तिने स्वतः भरलेल्या त्याच चार जागा, पण आता जास्त पांढऱ्या. किंचित वाकलेल्या एका ओळीत, चार.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हे ती पेशंटांच्या पोराबाळांना दिवसातून दहादा सांगायची. आणि ही तर गेलेलीसुद्धा नव्हती. ही तिने बनवलेली होती.

४

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून तिने स्वतःला झापलं. म्हाताऱ्याला तिथे खरंच थोडंफार दिसत असेल, तेव्हा रुसून दाबलं नसेल, आपण दाबलं ते बरोबरच निघालं. असा हिशेब लावला की छातीवरचा दगड उतरायचा. दोन दिवसांनी परत चढायचा.

कारण खोलीत आवाज येऊ लागला होता.

यंत्राचे सगळे आवाज तिच्या ओळखीचे होते. ठिपका दुसरीकडे नेताना बारीक घुर्र, मग क्षणभर काही नाही, मग पेशंटचं टक. आता एखादा पेशंट उठून गेला, बटण खुंटीला लटकवलं, की पाठमोरी असताना तिला ऐकू यायचं. टक. वळून बघावं तर बटण लटकलेलं, वायर स्थिर. तिने तक्रार केली. मशीनवाला येऊन वायर बदलून गेला, बटणही नवं दिलं. नवं बटण जुन्यापेक्षा जरा मऊ वाजायचं, एवढाच फरक पडला.

सप्टेंबरच्या टेस्टला म्हातारा बसला तेव्हा तिने मुद्दाम त्याच्या हाताकडे लक्ष ठेवलं. सुरुवातीला दाबलं त्याने. मग दमला आणि बटण मांडीवर ठेवून दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकले. ती "मामा, बटण घ्या" म्हणणार, तेवढ्यात घुर्र झालं आणि मांडीवरचं बटण वाजलं.

टक.

म्हाताऱ्याने तोंड कढईतून काढलं नाही. पडद्यावर त्याचा डोळा मोठा दिसत होता. बाहुली मधल्या दिव्यावर खिळलेली, तसूभर हलत नव्हती. इतकी चोख नजर तिने तरण्या पोरांचीही पाहिली नव्हती. पण कडेने पाणी वाहत होतं.

त्या दिवशीच्या कागदावर आठ जागा होत्या. आधीच्या चार, आणि त्यांच्या शेजारी थोडं अंतर सोडून तशाच दुसऱ्या चार.

५

"सुधारणा?" प्रेरणा मॅडम आपल्याशीच बोलत होत्या. "काचबिंदूत? आधीची टेस्ट नीट दिली नसणार त्यांनी." मग त्यांनी दाब पाहिला. एकोणीस. "आधीच्या फील्डवर मी एकोणीस चालवून घेतला नसता. बारा हवा. पण फील्ड चांगली येतेय, थेंबांनी डोळा लाल होतोय, मग आणखी औषध कशाला? तीन महिन्यांनी बघू. काय सुकेशनी?"

तोंड उघडायला दोन मिनिटं पुरली असती. मॅडम, मार्चमध्ये मी दाबलं होतं. मॅडम, त्यांची मधली चिमूटभरच नजर आहे, एकोणीस त्यांना झेपायचा नाही. नोकरी गेली असती, पण म्हाताऱ्याचा उरलेला डोळा जागेवर राहिला असता. हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं.

"हो मॅडम," ती म्हणाली.

घरी थेंब घालून झाले. पाच मिनिटं सुरू झाली. कोपऱ्यातून म्हातारा आपण होऊन बोलला.

"मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडली की आमी मधी जाळ करून बसायचो. लांडगं कंदी समोरून येत नसतंय. तू जिकडं बघत नसती, तिकडून येतंय. म्हनून डोळं मधी ठिवायचं अन् ध्यान कडंला. कडंला काय हाललं की समजायचं."

"इथं कुठला लांडगा, मामा?"

"लांडगं नव्हं ते." त्याने काठी घट्ट धरली. "लांडग्याला हात नसत्यात."

सुकेशनी उठली. तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम होतं, काय ते आठवेना.

"अकरा बार दाबलंस तू," मागून आवाज आला. "मी बटन टाकलं तवा. जलमभर मेंढरं मोजली म्या, मला मोजाय येतंय. मला दिसत नव्हतं तिथं. तू हाय म्हणालीस."

"तुमच्या भल्यासाठीच केलं मी!" ती ओरडली. शेजारच्या आवडाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"भल्यासाठी?" म्हातारा हसला. "तू माझा कोपरा दुसऱ्या कुनाला दिलास. आता ते वर चढतंय, अन् मला नुसतं समोर बघत बसाया लागतंय. तू आत्ता माझ्या म्होरं उभी हाईस म्हनून तेवढं बरं हाय."

तिला संताप आला. भीती वाटत होती म्हणूनच जास्त आला. खायला काळ आणि भुईला भार, त्यावर हे नाटक. तरी झोपण्यापूर्वी तिने जूनचा आणि सप्टेंबरचा कागद शेजारी ठेवून पाहिले. चार जागा, वाकलेल्या ओळीत. भिंतीपलीकडून कुणी वर चढू पाहत असेल, तर अलीकडे आधी काय दिसेल? कडेला धरलेली चार बोटं. आणि दुसऱ्या कागदावर दुसरा हात.

तिने कागद फाइलमध्ये घातले आणि फाइल कपाटावर टाकली.

६

एक मार्ग होता. यंत्रच बिघडलेलं निघालं, तर ती काही बोलली नाही तरी चालणार होतं. यंत्र बिघडलंय मॅडम, सगळ्या टेस्ट पुन्हा घ्या. झालं काम. अकरा वेळा दाबल्याचा प्रश्नच येणार नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी, जेवणाच्या सुटीत खालचा मजला रिकामा झाला तेव्हा तिने दार लावलं आणि स्वतः कढईपुढे बसली. उजवा डोळा झाकला. डावा चांगला सहा बाय सहा होता तिचा. बटण हातात घेतलं आणि टेस्ट सुरू केली.

सात वर्षं दुसऱ्यांना सांगत आली होती, पण आत बसल्यावर ते पांढरं केवढं मोठं वाटतं हे ती विसरून गेली होती. त्याला कड नव्हती. मधला पिवळा दिवा. वर ठिपका, टक. खाली, टक. उजवीकडे, टक. सोपं होतं सगळं. यंत्र ठीक चाललंय हे जाणवून तिला उलट निराशाच आली.

मग घुर्र झालं आणि ठिपका दिसला नाही. आंधळी जागा, तिला कळलं. डावीकडे, थोडी बाजूला. ती जागा काळी नसते. तिथे काहीच नसतं, आणि काही नाही हेही कळत नाही. तिने अंगठा बटणावरून उचलून धरला.

टक.

तिने दाबलं नव्हतं.

पुन्हा घुर्र. टक. तिची नजर मधल्या दिव्यावर होती. नजर हलली की टेस्ट वाया, हे तिचंच वाक्य तिच्या कानात चालू होतं, आणि आता त्याचा अर्थ निराळा लागत होता. टक. टक. ती मोजू लागली, कारण न मोजणं जमेना. सात. आठ. डावीकडे जिथे कुणालाच कधी काही दिसत नाही, तिथे काहीतरी फिकट होतं. दहा. ठिपके नव्हते ते. ठिपके चमकतात आणि विझतात. हे विझलं नाही.

अकरा.

चार. गोलसर, ओळीने, टोकाला पांढरी पडलेली, जोर लावून काही घट्ट धरलं की पडतात तशी. नखं तिच्या बाजूला होती. अंगठा दिसत नव्हता. अंगठा पलीकडून असतो.

तिने तोंड बाहेर ओढलं तेव्हा हनुवटीच्या पट्टीवर घामाचा डाग होता. खोलीत कुणी नव्हतं. तिने दिवा लावला, उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. दोन्ही डोळे उघडे असले की ती आंधळी जागा उरतच नाही, एक डोळा दुसऱ्याची भरपाई करतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तिने समोर पाहिलं, दाराकडे.

डावीकडे ते चार अजून तिथेच होते.

फोन वाजला. हनुमान होता, सकाळपाळी करून घरी आलेला. "लवकर ये. आण्णाला दिसंना झालंय. सकाळपर्यंत ठीक व्हतं, आता कायच दिसंना म्हणतो."

७

घरापर्यंत ती कशी आली ते तिला नीट सांगता आलं नसतं. रिक्षात ती समोरच्या आरशावर लटकलेल्या लिंबू-मिरचीकडे बघत बसली होती. मुकुंदवाडीच्या वळणावर रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, डावीकडं का?" तर ती नुसतं "हो" म्हणाली आणि मान वळवली नाही.

म्हातारा खोलीच्या मध्यभागी बसला होता. खुर्ची भिंतीपासून सुटलेली, काठी जमिनीवर पडलेली, खांदे सैल. कित्येक महिन्यांत तिने त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"रिक्षावाल्याला थांबायला सांगितलंय मी," हनुमान म्हणाला. तो पार रडकुंडीला आला होता. "मॅडमला फोन केला. लगेच आणा म्हणाल्या. तू बघ तरी एकदा, तुला कळतंय ना त्यातलं."

सुकेशनी सासऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली. अगदी समोर. डोळा उघडा होता, नळीचं टोक जागेवर होतं. तिने मोबाइलचा उजेड दाखवला. बाहुली हलली नाही.

"कसं झालं, मामा?" तिने विचारलं. तिला खरोखर वाईट वाटलं, इतकं की तिची तिलाच लाज वाटली. "सांगा ना. कसं झालं?"

"बघितलं मी त्याच्याकडं," म्हातारा म्हणाला. "लई झालं म्हणलं. सहा म्हयनं मधीच बघत बसलो. आज नजर हलवली अन् बघितलं सरळ."

"मग?"

"मग काय. दोनी गेलं. नजर बी अन् ते बी." त्याने सुस्कारा टाकला. त्यात दुःख होतं आणि सुटकाही होती. मग त्याने हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, ताठरलेली मान. बोटं मानेवर थांबली.

"कुठं बघती गं तू?"

"समोर."

म्हाताऱ्याने बोटं तशीच ठेवून विचारलं, "किती मोजलंस?"

"अकरा."

त्याने हात काढून घेतला, जसा तापलेल्या तव्यावरून काढतात. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिला तोडून बोलला नाही. "बेस. समोरच बघ," एवढंच म्हणाला.

"काय चाललंय तुमचं?" हनुमान ओरडला. "चला! मॅडम थांबल्यात. उशीर झाला तर काय उरायचं नाय."

मॅडमना आता सगळं सांगायचं, मार्चपासूनचं, हे सुकेशनीने वाटेतच ठरवलं होतं. नोकरी जाऊ दे. काही वाचण्यासारखं असेलच, तर ते सांगूनच वाचणार होतं. ती उठली. हनुमानने म्हाताऱ्याला दंडाला धरून उभं केलं आणि तिच्या बाजूला आणलं.

"धर तू आण्णाला. मी फाइल घेतो."

म्हाताऱ्याने आंधळ्याने करावा तसा हात हवेत पुढे केला. तो तिच्या डाव्या अंगाला उभा होता. दारही डावीकडेच होतं. आणि डावीकडच्या चार जागा आता आठ झाल्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या, आणि त्यांच्यामागून काहीतरी गोल, ओले केस चिकटलेलं, हळूहळू वर येत होतं.

"सुकेशनी, हात धर ना आण्णाचा," हनुमान म्हणाला. "इकडं बघ."

ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. बाहेर रिक्षावाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला.